गेम लावला की पीसी धाडकन बंद होतो - एसएमपीएस की मदरबोर्ड? (नाशिक)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. घरीच जोडलेला पीसी आहे: रायझन ५६००जी प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). टायपिंग, यूट्यूब, काहीही करा, दिवसभर सुरळीत. गेम लावला की थोड्या वेळात लाइट गेल्यासारखा बंद. निळी स्क्रीन नाही, काही नाही. मग पुढचं बटण कितीही दाबा, ढिम्म. मागचा एसएमपीएसचा स्विच बंद करून, जरा थांबून परत चालू केला की लगेच उठतो. मला तरी हे एसएमपीएसचं प्रोटेक्शन (गडबड झाली की स्वतःच वीज तोडण्याची सोय) पडल्यासारखं वाटतंय.

प्रोसेसरचं तापमान ७०-७५ अंशांच्या पुढे जात नाही, म्हणजे ९५ ची मर्यादा लांबच. मेमटेस्ट (रॅमची तपासणी) रात्रभर चालवली, एरर नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) फक्त कर्नल-पॉवर ४१, म्हणजे पीसी अचानक बंद झाल्याची नोंद, त्यातून कारण कळतच नाही. ग्राफिक कार्ड काढून प्रोसेसरच्याच ग्राफिक्सवर हलके गेम खेळलो तर तासन्‌तास चालतो! मल्टीमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.९ दाखवते, पण क्षणभर व्होल्टेज पडलं (डिप) तर ते त्यात दिसणार कसा?

दुकानदार थेट मदरबोर्ड बदला म्हणतोय. आधी दुसरा एसएमपीएस लावून बघावा असं माझं मत. पंचवटी किंवा इंदिरानगर भागात कुणाकडे ६५० वॅटचा असेल तर तासभर लावून बघू द्याल का? मीच येतो पीसी घेऊन. आणि जुन्या इमारतीतलं अर्थिंगही कारण असू शकतं का? तपासायचं कसं?