मदत हवी आहे: लॅपटॉपचं बटण दाबून धरल्याशिवाय अक्षरच उमटत नाही, मिरचीच्या धुळीने असं होतं का?

पथारीवाला_नंदुरबार:

नमस्कार मंडळी. मी नंदुरबारला एका मिरची व्यापाऱ्याकडे हिशोबाला बसतो. ऑफिस म्हणजे काय, पथारीच्या, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेच्या, कडेला पत्र्याची एक खोली, दार उघडलं की समोर नजर जाईल तिथपर्यंत लाल मिरची वाळत पडलेली, आणि सीझनमध्ये वारा जरा फिरला की आत बसलेला प्रत्येक माणूस शिंकतो, नवीन हमाल असेल तर रडतो पण. तर माझा लॅपटॉप याच खोलीत दोन वर्षं आहे, विंडोज ११, आजपर्यंत कधी कुरकुर केली नाही त्याने.

आठ दिवसांपासून कीबोर्ड असा काही वागतोय की डोकं फुटायची वेळ आली. बटण टिचकीसारखं दाबलं तर काहीच होत नाही. मनातल्या मनात एक-दोन म्हणेपर्यंत दाबून धरलं की मग अक्षर येतं. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या कीबोर्ड मांडणीवर, टाइप करतो, स्पीड बरा आहे माझा, तर 'मिरची' लिहायला गेलो की म पण गायब, र पण गायब, आणि स्क्रीनवर टिंबटिंबाच्या गोलाला धरून एक वेलांटी एकटीच उभी. बाहेर गाड्यांची लाइन, काट्यावर वजन झालेलं, शेतकरी पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची पावती, घ्यायला दारात उभा, आणि मी एकेक अक्षर दाबून धरतोय. काल एक आजोबा म्हणाले, बाळा, हातानेच लिही ना, मी आत्तापर्यंत घरी पोहोचलो असतो.

काय काय केलं ते सांगतो. चार वेळा रिस्टार्ट केला. अँटिव्हायरस फिरवला. दात घासायच्या जुन्या ब्रशने कीबोर्ड साफ केला. मग तोंडाने जोरात फुंकर मारली, ते मात्र कोणी करू नका, सगळी मिरची पूड उलटी डोळ्यात आली, अर्धा तास नळाखाली होतो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून वायरचा कीबोर्ड आणून लावून बघितला तर तो पण तसाच निघाला, त्याचाच खराब असेल म्हणून परत देऊन टाकला. शेवटी रिपेअरवाल्याकडे नेला, त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणे कीबोर्ड गेला, मिरची आत शिरलीय, २२०० रुपये, माल सुरतहून येईल, चार दिवस मशीन ठेवून जा. सीझनमध्ये चार दिवस लॅपटॉप ठेवला तर शेठ मलाच पथारीवर वाळत घालतील.

आते काय करू भो? खरंच मिरचीमुळे होतं का असं? बदलून टाकू का?

—

फॉरमॅट_मार_भो:

फॉरमॅट मार भो. माझा पण स्लो झाला होता, फॉरमॅट मारला, पळायला लागला.

—

टायपिंगवाला_मास्तर:

पथारीवाले भाऊ, जरा दम धरा, २२०० खिशातच ठेवा आणि फॉरमॅट तर अजिबात मारू नका. मी शिरपूरला टायपिंगचा क्लास चालवतो, वीसेक कीबोर्ड रोज पोरांच्या हातून मार खातात, त्यामुळे यांची बरीचशी सोंगं पाहिलीत. तीन गोष्टी सांगा.

पहिली, अक्षरं उशिरा येतात की येतच नाहीत? म्हणजे तुम्ही भराभर 'नंदुरबार' टाइप करून हात वर घेतला आणि दोन सेकंदांनी सगळं नाव एकदम धाडकन उमटलं, तर कीबोर्ड ठीक आहे, कॉम्प्युटरच दमलाय. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, डिस्क किंवा मेमरी शंभर टक्क्याला टेकलीय का आणि कोण खातंय ते बघायचं. पण अक्षरं कितीही थांबलं तरी येतच नसतील तर गोष्ट वेगळी.

दुसरी, सगळी बटणं तशी वागतात की ठरावीकच?

तिसरी, लॅपटॉप बंद करून चालू करताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जा, कोणाचं एफ२ ने उघडतं कोणाचं डिलीटने, कंपनीप्रमाणे. तिथे बाणाची बटणं खालीवर करून बघा. तिथे विंडोज नसतंच, त्यामुळे तिथे बटण टिचकीला चाललं तर कीबोर्ड जिवंत आहे आणि आजार विंडोजमध्ये आहे. तिथे पण नाही चाललं तर मग रिपेअरवाल्याचं म्हणणं विचारात घेऊ.

आणि तो झेरॉक्सवाल्याचा कीबोर्ड, त्याच्या दुकानात चालतो का हे विचारलंत का त्याला?

—

पथारीवाला_नंदुरबार:

मास्तर, आत्ताच सगळं करून बघितलं. अक्षरं येतच नाहीत, कितीही थांबलो तरी नाही, दाबून धरलं तरच. सगळीच बटणं तशी, एंटर आणि बॅकस्पेस पण. बायॉसमध्ये गेलो, एफ२ ने उघडलं, तिथे बाण एकदम मस्त चालतात, टिचकी मारली की पळतात! झेरॉक्सवाल्याला फोन केला तर तो हसायला लागला, म्हणे दिवसभर त्याच कीबोर्डवर उतारे टाइप करतोय मी, त्याला काय धाड भरलीय.

—

टायपिंगवाला_मास्तर:

मग मिरची निर्दोष सुटली.

दोन वेगवेगळे कीबोर्ड, एक मिरचीतला आणि एक झेरॉक्सच्या दुकानातला, तुमच्या लॅपटॉपवर एकाच पद्धतीने आजारी पडतात आणि दुसरीकडे ठणठणीत असतात, याचा अर्थ दोघांना एकाच जागी कोणीतरी अडवतंय. विंडोजमध्ये फिल्टर कीज नावाची सोय आहे. ती चालू असली की टिचकीसारखं किंवा चुकून दोनदा दाबलेलं बटण विंडोज मुद्दाम सोडून देतं, थोडा वेळ दाबून धरलेलंच खरं मानतं. ही ज्यांचा हात थरथरतो अशांसाठी आहे, माझ्या वडिलांना कंपवात होता, त्यांना मीच चालू करून दिली होती, एका अक्षराची पाच अक्षरं व्हायची ती थांबली. त्यामुळे सोय वाईट नाही. पण ज्याला माहीत नाही आणि ज्याचा स्पीड चांगला आहे त्याला वाटतं कीबोर्ड मेला. जितकं भराभर टाइप कराल तितकं कमी उमटतं, आणि स्पीडवाला माणूस चिडला की अजूनच भराभर टाइप करतो.

सेटिंग्जमध्ये जा, अॅक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे फिल्टर कीज दिसेल. चालू असेल तर बंद करा. त्यावरच क्लिक करून आत गेलात तर शॉर्टकटचं एक बटण आहे, ते पण बंद करा, कारण उजवीकडची शिफ्ट सलग ८ सेकंद दाबली गेली की विंडोज टुंग करून विचारतं फिल्टर कीज चालू करू का, आणि माणूस घाईत एंटर मारतो. विंडोज १० वाल्यांना हेच ईझ ऑफ अॅक्सेसमध्ये मिळेल.

आता तुम्ही मला सांगा, तुमच्या उजव्या शिफ्टवर ८ सेकंद कोण बसलं होतं?

—

पथारीवाला_नंदुरबार:

मास्तर पाय कुठे आहेत तुमचे!!! चालू होतं! बंद केलं आणि पहिल्या टिचकीला अक्षर. मी खोलीत एकटाच ओरडलो तर हमाल बघायला आला साप निघाला की काय.

आणि उजव्या शिफ्टवर कोण बसलं होतं ते पण सापडलं. कच्ची वही. आमच्याकडे आधी कच्च्या वहीत गाडीचं वजन लिहितात, मग मी ते बघून लॅपटॉपवर पट्टी बनवतो. टेबल एवढंसं, त्यामुळे वही लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवून ठेवायची सवय. जाडजूड लाल बासनातली वही, तिचा कोपरा बरोबर त्या शिफ्टवर. टुंग आवाज मला आठवतोय पण, मला वाटलं मोबाईल वाजला. आठ दिवस मी मिरचीला शिव्या दिल्या आणि चोर वही.

पण एक राहिलंच. बाकी सगळं पळतंय, फक्त ल चं बटण, म्हणजे इंग्रजी एनचं, ते दगडासारखं घट्ट झालंय. जोर लावला तर कधी येतं कधी नाही. लाल मिरचीच्या धंद्यात ल नाही म्हटल्यावर कसं व्हायचं, सकाळपासून 'ला' असेल तिथे जुन्या पट्टीतून कॉपी करून चिकटवतोय. हे पण सेटिंगमध्येच आहे का?

—

रावेर_केळीबाग:

हाहाहा 'आ मिरची'. आमच्याकडे क गेलं तर 'ेळी' विकावी लागतील.

—

टायपिंगवाला_मास्तर:

नाही, हे सेटिंग नाही. एकच बटण घट्ट, म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी अडकलंय. इथे मिरचीवर संशय घ्यायला हरकत नाही.

लॅपटॉपच्या बटणाखाली कात्रीसारखी एक बारीक प्लॅस्टिकची घडी असते, तिच्या मधोमध रबराची टोपी, आणि टोपीखाली प्लॅस्टिकच्या पातळ कागदांचे थर, त्यावर लाइनी छापलेल्या. टोपी दबली की दोन थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर जातं. पूड त्या थरांच्या आत सहसा जात नाही, म्हणून तर पुडीने सगळी बटणं एकदम आजारी पडतील हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं. पण घडीखाली एखादं बी गेलं तर बटण पूर्ण खाली बसणारच नाही.

असं करा. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. उघडा ठेवून तिरपा करा, जवळजवळ उभाच, आणि मागून हलक्या हाताने थापट्या मारा, चाळणी झटकतो तसं. मग रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश बटणाच्या चारी कडांनी फिरवा. डोळ्याला चष्मा, नाकाला रुमाल, तुम्हाला काय सांगायचं. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह होईल, मारू नका, त्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो आणि जोर एवढा असतो की बटणच उडून पथारीवर जाईल, मग शोधा. पाण्याचा फडका पण नको. चिकट काही असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलवर मिळतं, कापसाच्या बोळ्याला जरासं लावून, ओतायचं नाही.

एवढ्याने नाही निघालं तर बटणाची टोपी नखाने एका कोपऱ्यातून हळूच उचलता येते, पण त्याआधी तुमच्या मॉडेलची कुठल्या बाजूने निघते ते व्हिडिओ बघून घ्या, ती घडी एकदा तुटली की बसत नाही. स्पेस आणि एंटरला तर हात लावू नका, त्यांच्याखाली तारेची दांडी असते, ती परत बसवताना मी सुद्धा घाम पुसतो.

—

भुसावळ_जंक्शन:

मधेच घुसतोय, माफ करा. माझी केस वेगळी आहे. माझ्या लॅपटॉपची चार-पाच बटणं एकदम बंद पडली, बाजूबाजूची पण नाहीत, इथे एक तिथे एक. फिल्टर कीज बघितलं, बंदच आहे. चहाबिहा काही सांडला नाही. आणि मधला टचपॅडचा भाग जरा वर आल्यासारखा वाटतो, क्लिक होत नाही नीट. एप्रिलपासून असं आहे, आमच्याकडे ऊन किती ते सांगायला नको, आणि मशीन दिवसभर चार्जिंगला असतं.

—

टायपिंगवाला_मास्तर:

भुसावळवाले दादा, तुमचं आधी. टचपॅड वर आला असेल तर लॅपटॉप आत्ता बंद करा, चार्जर काढा आणि परत लावू नका. बऱ्याच मशीनमध्ये बॅटरी बरोबर त्याच्या खाली असते आणि फुगली की ती टचपॅडला आणि कीबोर्डला खालून वर ढकलते. दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, टोचली गेली तर पेट घेते. उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, तसाच जवळच्या चांगल्या माणसाकडे न्या आणि आधी बॅटरी बघायला सांगा.

इथे एक तिथे एक बटणं जाण्याचं कारण असं की कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते, आडव्या-उभ्या लाइनींची जाळी असते, एक लाइन तुटली किंवा कीबोर्डच्या वायरची चपटी पट्टी बोर्डावरून जरा सरकली की त्या लाइनीवरची सगळी बटणं एकदम जातात. खालून ढकललं गेल्यामुळे पट्टी सैल झालेली असू शकते. बॅटरी काढल्यावर ती पट्टी परत बसवून बघायला सांगा, कीबोर्ड बदलायचं नंतर बघू.

—

भुसावळ_जंक्शन:

बंद केला. घाबरवलंत राव. उद्याच नेतो.

—

पथारीवाला_नंदुरबार:

रिपोर्ट देतो. रात्री पथारी झाकून झाल्यावर बसलो. उभा करून थापट्या मारल्या तर पेपरावर चमचाभर लाल पूड पडली, दोन मेलेल्या मुंग्या आणि एक स्टेपलरची पिन. ल तरी घट्टच. मग व्हिडिओ बघून हिंमत केली, डाव्या खालच्या कोपऱ्यातून नख घातलं, टिक आवाज झाला, माझा जीव गेला, पण तुटलं काही नाही, टोपी हातात आली. आणि घडीच्या खाली बघतो तर मिरचीचं एक बी, पिवळं, चपटं, रबराच्या टोपीला चिकटून बसलेलं. सुईच्या टोकाने काढलं. टोपी जागेवर ठेवून दाबली, टक, बसली. पहिला शब्द 'लाल' टाइप केला, नंतर एक ओळभर नुसतं लाल लाल लाल.

शेठला बी दाखवलं. शेठनी ते बोटावर घेऊन निरखून बघितलं आणि म्हणे हे फापड्या जातीच्या मिरचीचं नाही, लालीचं वाटतं. २२०० वाचले त्याबद्दल एक शब्द नाही.

वही आता डाव्या बाजूला ठेवतोय. मास्तर, शिरपूरहून इकडे कधी आलात तर पथारीवर या, घरच्यासाठी दोन किलो कोरडी मिरची बाजूला काढून ठेवली आहे, देठ खुडून. भुसावळवाले दादा, बॅटरीचं काय निघालं ते इथेच सांगा.