निकॉनची ५० मिमी १.८ लेन्स: जुनी डी घ्यावी की नवी जी?

रानजाई

निकॉन डी७२०० वापरते. सोबत आलेली १८-१४० झूम लेन्स आहे. बाहेर उजेडात तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण संध्याकाळी घरात दिवे लागले की तिचं काही चालत नाही. भाची दीड वर्षाची, एका जागी बसेल तर शपथ. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ला नेला तरी एफ/५.६ ला (हा लेन्सच्या भोकाचा, म्हणजे अपर्चरचा आकडा; आकडा लहान तितकं भोक मोठं) शटर १/६० च्या वर सरकत नाही आणि फोटोत भाचीच्या जागी पिवळा फराटा येतो. त्यामुळे ५० मिमी एफ/१.८ घ्यायची एवढं पक्कं ठरलंय.

अडलंय ते पुढे. काकांनी त्यांचा एफएम२, निकॉनचाच जुना फिल्म कॅमेरा, मला दिलाय. बॉडी ठणठणीत आहे, उजेड मोजणारा मीटरही चालतो, पण त्यावरच्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं पसरलंय. एकच फिफ्टी दोन्ही कॅमेऱ्यांवर चालली तर बरं, असं मनात आहे. एक वापरलेली १.८डी चांगल्या अवस्थेत मिळतेय, किंवा १.८जी नवी घेता येईल. जिथे वाचावं तिथे जी जास्त शार्प म्हणतात. पुढेमागे मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेईन, तेव्हा यातली कुठली उपयोगी पडेल? फुलांचे अगदी जवळून फोटो काढायलाही आवडतात, हे सांगायचं राहिलं.

खटका

ताई, डोळे मिटून जी घ्या. २०११ ची लेन्स, अ‍ॅस्फेरिकल (पूर्ण गोल वक्र नसलेलं) भिंग, फोकसची मोटर लेन्समध्येच, आवाज नाही. डी निकॉनच्या मिररलेसवर, म्हणजे झेड कॅमेऱ्यांवर, एफटीझेड अडॅप्टर लावून बसते, पण ऑटोफोकस करत नाही, कारण तिला स्वतःची मोटर नाही आणि त्या अडॅप्टरमध्येही नाही. जी करते. फोकस चालू असताना हातानं रिंग फिरवून दुरुस्तीही करता येते. वर हूड खोक्यातच मिळतं. विषय संपला.

तिसरी घंटा

खटका, बाकी सगळं मान्य, पण एफएम२ चं काय?

रानजाई, आधी तेवढंच निकालात काढू. जी लेन्सला अपर्चरची रिंग नाही. माउंटमधली (लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या जागेची) एक छोटी दांडी कमीजास्त सरकवून डिजिटल बॉडी अपर्चर हवं तितकं मिटवते. एफएम२ ला ही कला येत नाही, तो दांडी धरून ठेवतो किंवा सोडून देतो. म्हणजे बघताना व्ह्यूफाइंडर लख्ख दिसेल, आणि बटण दाबलं की अपर्चरची पाती थेट एफ/१६ ला मिटतील. दर फोटोला एफ/१६. शिवाय अपर्चर किती ठेवलंय हे एफएम२ च्या मीटरला कळतं रिंगच्या मागच्या कडेवरच्या उंचवट्यामुळे. जीला तोही नाही, तेव्हा मीटर भलतंच सांगणार. ४०० च्या फिल्मवर घरात एफ/१६ म्हणजे ट्रायपॉड लावायचा आणि भाची झोपण्याची वाट बघायची.

डीला रिंग आहे, उंचवटाही आहे. ही लेन्स २००२ ची, काचांची मांडणी त्याहून जुनी, १९८६ च्या पहिल्या ऑटोफोकस फिफ्टीची. १९८२ च्या एफएम२ वर ती मीटरसकट चालते आणि २०१५ च्या डी७२०० वर ऑटोफोकससकट, कारण तुमच्या बॉडीत मोटर आहे. डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी असती तर मीही खटकाच्याच बाजूनं बोललो असतो.

आता शार्पनेस. मी नाटकाच्या तालमींचे फोटो काढतो. हॉलमध्ये ट्यूबलाइटचा मेलेला उजेड, फ्लॅशला बंदी, त्यामुळे माझा मुक्काम एफ/१.८ ते २.२ एवढ्यातच. दोन्ही लेन्स माझ्या बॅगेत असतात. डी पूर्ण उघडी असताना मऊ असते. तपशील पकडत नाही असं नाही. पापण्यांचे केस सुटे दिसतात, पण प्रत्येक केसाला धुरकट झाक येते आणि काळा कुर्ता राखाडी वाटायला लागतो. जीमध्ये सहा गटांत सात भिंगं आहेत, डीमध्ये पाच गटांत सहा. त्या अ‍ॅस्फेरिकल भिंगामुळे ही झाक बरीच आटोक्यात आलीये. एफ/२.८ ला डी सावरते. एफ/४ चे दोन प्रिंट शेजारी ठेवून यातला डीचा कुठला विचारलंत, तर मी गप्प बसेन. चष्म्याच्या चकाकत्या काडीवर फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी किनार मात्र दोघीही देतात. त्या बाबतीत नवी फार सुधारली, असं मला तरी वाटत नाही.

पण तुमच्या कामात हा फरक दिसेल का, ते बघा. दीड मीटरवर, तुमच्या सेन्सरवर, एफ/१.८ ला स्पष्ट राहणारी जागा जेमतेम सहा-सात सेंटीमीटर खोल. भाची खेळण्याकडे नुसती वाकली तरी डोळा त्यातून बाहेर. हललेल्या डोळ्यापुढे कसली जी आणि कसली डी! एफ/२ ला या. एफ/५.६ च्या आठपट उजेड मिळतो. तोच आयएसओ १६०० आणि १/१२५ असा वाटून घ्या. मूल फारच धावत असेल तर आयएसओ ३२०० आणि १/२५०.

जी खरोखर उजवी आहे ती पार्श्वभूमीत. डीच्या पात्या सरळ कडांच्या, त्यामुळे एफ/२.८ ला मागच्या दिव्यांचे ठिपके सप्तकोनी होतात. मागे पानं असली तर प्रत्येक काडीला दुहेरी कड येते आणि नुसता कलकलाट होतो. जीच्याही पात्या सातच, पण गोलसर कडांच्या, तिथे सगळं शांतपणे विरघळतं. माझ्यासारख्याला हे महत्त्वाचं, कारण तालमीत मागे कायम खुर्च्यांची अडगळ असते. उलट रात्री ट्रायपॉडवर एफ/११ ला दिव्यांभोवती चौदा टोकांचे तारे हवे असतील तर डी घ्या, जीचे तितके टोकदार येत नाहीत.

आवाज. डी७२०० च्या माउंटच्या धातूत खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरचं टोक असावं तशी बारीक पट्टी दिसेल. बॉडीतली मोटर ती फिरवते, ती लेन्सच्या मागच्या खाचेत बसते आणि आतले गिअर फिरतात. ‘झ्र्रक’ असा आवाज होतो. तालमीत नेमक्या शांततेच्या जागी तो झाला की दिग्दर्शक मान वळवून बघतो, म्हणून तिथे मी जी लावतो. भाचीला काही फरक पडणार नाही, उलट ती आवाजाकडे बघेल. व्हिडिओत मात्र कॅमेऱ्याच्या माइकमध्ये तो आवाज हमखास येतो. आणि जी गप्प असते म्हणून वेगवान समजू नका. तुमच्या बॉडीवर डी तिच्या मागे पडणार नाही.

एक काळजी घ्या. डीवर हातानं फोकस करायचा तर आधी बॉडीवरचा खटका एएफवरून (ऑटोफोकस) एमवर (मॅन्युअल) न्या (खटका, तुम्ही नव्हे). ती पट्टी आत जाते, मग रिंग फिरवा. एएफवर असताना जबरदस्तीनं फिरवली तर ताण गिअरवर येतो.

मिररलेसचं म्हणाल तर आजची लेन्स उद्याच्या बॉडीसाठी घेऊ नये या मताचा मी आहे. एफटीझेडवर डीला ऑटोफोकस नाही हे खरं. अपर्चर बॉडीवरून चालतं, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणं) दिसतं, पण धावणाऱ्या मुलामागे ते उपयोगाचं नाही. पण झेड घेतलात की झेडचीच ५० मिमी १.८एस बघाल. २०१८ ची, नऊ गटांत बारा भिंगं, वजन ४१५ ग्रॅम. जी १८५ ग्रॅमची, डी १५५. त्या झेडच्या लेन्सपुढे या दोघी सारख्याच म्हाताऱ्या.

फुलांसाठी ५२ मिमीची रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी जोडायची कडी) घ्या आणि डी उलटी लावा. जवळपास एकास एक आकार मिळतो, म्हणजे पुंकेसरावरचे परागकण दिसायला लागतात. अपर्चर लेन्सच्याच रिंगवर ठेवता येतं. उलटी लावलेली जी मिटलेलीच राहते, काळोखात फोकस कुठे करणार?

तेव्हा माझं मत डी.

पेंटाप्रिझम

डी फिल्म बॉडीवर बसते, इथवर ठीक. पण तिची फोकस रिंग एफएम२ वर फिरवून बघितलीये का? अरुंद, ढिली, जराशी हलली की दोन मीटरवरून पाचवर. स्प्लिट इमेजमधल्या (व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी दोन तुकड्यांत दिसणारं चित्र, जुळलं की फोकस झाला) नाकाच्या दोन फाका जुळवता जुळवता जीव जातो. मोटरसाठी केलेली रिंग ती. एफएम२ ला निकॉनची जुनी मॅन्युअल ५० मिमी १.८ एआय-एस शोधा, नाहीतर त्यांच्याच सिरीज ई मधली. रिंग कशी जड आणि मुलायम फिरते बघा. डी७२०० वर लावली तर मेन्यूत नॉन-सीपीयू (चिप नसलेली) लेन्स म्हणून ५० आणि १.८ भरायचं, ए (अपर्चर आपण ठरवायचं) आणि एम (सगळंच आपण ठरवायचं) मोडमध्ये मीटर चालतो. आणि भाचीसाठी जी. एका लेन्सचा हट्ट कशाला?

तिसरी घंटा

रिंग भिकार आहे, यात वाद नाही. पण दोनच घ्यायच्या तर दुसरी जी कशाला? डी७२०० वर ५० मिमी म्हणजे फुल फ्रेमवरच्या (फिल्मइतक्या मोठ्या सेन्सरवरच्या) ७५ मिमी इतकी चौकट. खोलीत पाठ भिंतीला टेकते आणि तरी मूल पायापर्यंत मावत नाही. एफएम२ वर जी स्टँडर्ड, ती इथे पोर्ट्रेट लेन्स होते. या सेन्सरची स्टँडर्ड म्हणजे ३५ मिमी १.८जी डीएक्स (डी७२०० सारख्या लहान सेन्सरसाठीची), २००९ ची, २०० ग्रॅम. म्हणजे एफएम२ वर मॅन्युअल फिफ्टी आणि डिजिटलवर पस्तीस. ही जोडी मला पटते.

रानजाई, काही विकत घेण्याआधी १८-१४० ची झूम रिंग ५० वर आणून चिकटपट्टी लावा आणि एक संध्याकाळ तशीच वापरा. दुसऱ्या संध्याकाळी ३५ वर. फोटो हललेले येतील, येऊ देत. चौकट बघायची आहे.

रानजाई

दोन्ही करून बघितलं. ३५ ला खोली मावते, आणि खोलीत जे जे आहे ते सगळं मावतं: वाळत घातलेले कपडे, चार्जरच्या वायरी, माझ्या आईचे पाय. ५० ला मागे सरकावं लागतं, दोनदा दाराबाहेर गेले, पण भाचीचा चेहरा आणि हात एवढंच राहतं, आणि मला तेच हवंय. एफएम२ वर काय मी रोज शंभर फोटो काढणार नाही, रिंग ढिली तर ढिली. व्हिडिओ फोनवरच काढते. तेव्हा डी. वापरलेली आहे, तर बघायला जाताना काय काय तपासू?

तिसरी घंटा

डी७२०० आणि बारीक टॉर्च घेऊन जा. रिंग १.८ वर ठेवून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण असतील, ते सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा धुकं दिसलं तर नमस्कार करून परत या. मग रिंग २२ वर न्या आणि मागची दांडी बोटानं सरकवून सोडा. पाती झटकन मिटली पाहिजेत. आळसावल्यासारखी मिटली किंवा त्यांवर तेलाची चकाकी दिसली तर घेऊ नका. माउंटवरच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर लेन्स कुणीतरी उघडलीये. तसं स्पष्ट विचारा.

नंतर बॉडीवर लावून जवळून लांब, लांबून जवळ असं फोकस करून बघा. मध्ये कुठे अडखळायला नको. विटांची भिंत किंवा पुस्तकांचं कपाट समोरून सरळ धरून एफ/१.८ ला टिपा आणि मोठं करून बघा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर चालेल, एकच बाजू वितळलेली असेल तर आतलं भिंग सरकलंय. सगळीकडे फोकसच किंचित पुढे-मागे पडतोय असं वाटलं तर ते एवढं गंभीर नाही, डी७२०० मध्ये एएफ फाइन ट्यून आहे, त्यानं फोकस किंचित पुढे-मागे जुळवता येतो.

डिजिटलवर लावताना रिंग नारिंगी २२ वर नेऊन शेजारचं छोटं लॉक सरकवा. एफएम२ वर नेताना ते उघडा. विसरलात तर डी७२०० च्या स्क्रीनवर ‘एफईई’ चमकतं आणि शटर पडत नाही. लेन्स बिघडलेली नसते, फक्त रिंग २२ वर न्यायची राहिलेली असते.