बालीतल्या मुलांच्या नाचाच्या वर्गात कधी उभे राहिलात का? तुमचे अनुभव लिहा

बालीतल्या उबुद गावी राजवाड्याच्या अंगणात होणारा लेगाँग नाच बरेच जण बघून येतात. पण दुपार कलली की बंजारच्या (म्हणजे वस्तीच्या) भिंती नसलेल्या मंडपात पोरं-पोरी सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) नेसून, कमरेला ओढणी घट्ट बांधून सराव करतात. तिथल्या शिक्षिका कधीकधी पाहुण्यालाही शेवटच्या रांगेत उभं करतात. मी अशा दोन दुपारी उभी राहिले.

पहिला धडा 'अगेम', म्हणजे उभं राहणं. गुडघे वाकलेले, छाती पुढे, कंबर एका बाजूला काढलेली, कोपरं खांद्यांच्या उंचीवर, पायांची बोटं उचललेली. आठ वर्षं भरतनाट्यम शिकल्यामुळे अरमंडी (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसणं) अंगात मुरलेली. तिथे भार दोन्ही पायांवर सारखा असतो, इथे तो एका पायावर कलतो. मला जमेना. बाई काही बोलल्या नाहीत. मागे येऊन त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली, गुडघ्याने माझा गुडघा ढकलला आणि मला तसंच धरून स्वतः नाचू लागल्या. त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते सांगून कळलं नसतं. तुम्हालाही कुणी असं हाताला धरून शिकवलं असेल तर जरूर लिहा.

नाशिकहून :
ताई, अगदी हेच! आमच्या वेळी मात्र शिकवणारी सात वर्षांची होती. माझ्या लेकीला 'सेलेदेत' येत नव्हतं. त्यात गाँगच्या ठोक्यावर डोळे झटकन कोपऱ्यात न्यायचे आणि परत आणायचे. लेकीची मान सोबत वळायची. शेजारच्या चिमुरडीने तिची हनुवटी दोन बोटांनी धरून ठेवली आणि स्वतः डोळे फिरवून दाखवले. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. चौथ्या-पाचव्या ठोक्याला लेकीचे डोळे बरोबर गेले, तेव्हा ती चिमुरडी आनंदाने ओरडली.

कोल्हापूरहून :
मुलग्यांच्या वर्गात आधी 'बारिस' शिकवतात. तो योद्ध्यांचा नाच. गुडघे बाहेर आणि खांदे पार कानापर्यंत उचललेले. मी लेझीम खेळलेला माणूस, खांदे सैल सोडायची सवय. पाच मिनिटांत मांड्या थरथरायला लागल्या. शेजारची आठ-नऊ वर्षांची पोरं मात्र तशीच उभी.

एक गोष्ट मला फार आवडली. गुरुजी ध्वनिफीत लावत नव्हते, सगळा वाद्यवृंद, म्हणजे गामेलान, तोंडाने गात होते. एका पोराने हात झटकून इशारा केला की ते गाणं तिथेच तोडायचे. त्या इशाऱ्याला 'आंगसेल' म्हणतात. प्रत्यक्ष कार्यक्रमातही बारिसमध्ये ढोलकवाला नाचणाऱ्यावर नजर ठेवून असतो. इतक्या लहान पोराच्या हातात अख्ख्या गामेलानची दोरी असते!

सिंगापूरहून :
एक विनंती. आम्ही गेलो त्या दिवशी काही पर्यटक मधे घुसून मुलांच्या तोंडासमोर मोबाइल धरून चित्रण करत होते. बाईंना दोनदा वर्ग थांबवावा लागला. हा वर्ग म्हणजे खेळ नव्हे. आधी विचारा, सारोंग नेसून जा, मागे उभे राहा.

ठाण्याहून :
मी उत्साहाने 'रेजांग' शिकायचंय म्हणाले. बाईंनी हसून नकार दिला. तो देवासमोर करायचा, पाहुण्यांना 'पेंदेत' शिकवते म्हणाल्या. तेव्हा मला थोडं लागलं. नंतर वाचलं तर 1971 साली बालीतल्या देनपसार शहरात खास याच विषयावर, म्हणजे कुठला नाच देवाचा आणि कुठला करमणुकीचा यावर, चर्चासत्र झालं होतं. देवळाच्या आतले, विधीसोबतचे आणि करमणुकीचे, अशी नाचांची तीन गटांत विभागणी तिथे केली गेली. युनेस्कोने 2015 साली बालीचे नाच यादीत घेतले तेही याच तीन गटांत. बाईंनी मला अगदी योग्य जागी थांबवलं होतं.

पेंदेतही मुळात देवळातलाच. हातात फुलांचं तबक आणि शेवटी फुलं उधळायची. वर्गात फुलं नव्हती, पोरी रिकाम्या ओंजळीने उधळत होत्या. त्यांची तयारी ओदालानसाठी चालली होती. देवळाचा हा वर्धापनदिन बाली पंचांगाने दर 210 दिवसांनी येतो. सुदैवाने मी तोवर तिथेच होते. देवळाच्या अंगणात धूप, उदबत्त्या, नैवेद्याच्या उंच चळती, आणि त्याच पोरी केसांत चाफा माळून आलेल्या. माझ्या पुढच्या रांगेत असायची ती मुलगी माझ्यापासून चार हातांवरून गेली. एरवी मला बघितलं की हात हलवायची. त्या दिवशी गाँग वाजला, तिचे डोळे माझ्या दिशेने आले, माझ्यावरून गेले आणि परतले. ती मला बघतच नव्हती. मग तिने ओंजळ उघडली, आणि या वेळी त्यातून खरी फुलं पडली.