यंत्रमाग कामगारांसाठी वर्क अबिलिटी इंडेक्स मराठीत केलाय, अल्फा ०.६१ येतोय, आजारपणाच्या सुट्टीचा प्रश्न काढून टाकू का?

फिजिओ_इचलकरंजी
नमस्कार मंडळी, मी कम्युनिटी फिजिओत मास्टर्स करतेय. डेझर्टेशनसाठी साध्या यंत्रमागावरच्या १२० कामगारांकडून वर्क अबिलिटी इंडेक्स, म्हणजे माणसाला त्याचं काम किती झेपतं ते मोजणारी प्रश्नावली, भरून घेतला, मराठी भाषांतर आम्हीच केलं, दोघांनी मराठीत केलं मग तिसऱ्याने मूळ इंग्रजी न बघता परत इंग्रजीत केलं, सगळं जुळलं म्हणून थेट फील्डवर गेलो. आता क्रोनबॅक अल्फा, म्हणजे सगळे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, ०.६१ येतोय आणि गाईड म्हणतात ०.७० च्या खाली जर्नल घेणार नाही. एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर दाखवतंय की पाचवा प्रश्न, म्हणजे गेल्या वर्षात आजारपणामुळे किती दिवस सुट्टी घेतली तो, काढला तर अल्फा वर जातो. जवळजवळ सगळ्यांनी "एकही नाही" सांगितलंय. काढू का? सबमिशन जवळ आलंय, खूप टेन्शन आहे.

आकडेमोड
काढू नका ताई. सात प्रश्न मिळून ७ ते ४९ असा स्कोअर होतो, २७ पर्यंत कमी, २८ ते ३६ मध्यम, ३७ ते ४३ चांगली आणि ४४ पासून वर उत्तम, एक प्रश्न काढलात की ही सगळी मापं गेली आणि जगात कुणाशीच तुलना करता येणार नाही. आणि अल्फाचं एवढं मनावर घेऊ नका. युरोपातल्या १० देशांतल्या नर्सेसवर हाच इंडेक्स तपासला होता, २००५ मध्ये छापून आलंय, तिथेही देशागणिक अल्फा ०.५४ ते ०.७९ असा हलला. कारण साधं आहे, निदान झालेले आजार, सुट्ट्या, स्वतःचा अंदाज, मनाची उभारी ही सगळी वेगवेगळी माणसं एका घरात राहतात, त्यांनी एकसारखंच बोलावं ही अपेक्षाच चुकीची. त्यापेक्षा कोणते प्रश्न एका गटात बसतात ते दाखवणारं फॅक्टर अ‍ॅनालिसिस करा आणि पाठदुखीवाल्यांचा स्कोअर बाकीच्यांपेक्षा खरंच कमी येतो का ते बघा. दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे कामाचा शारीरिक आणि मानसिक भाग किती झेपतो त्याला, वेटेज लावलंय ना? अंगमेहनतीच्या कामात शारीरिक भागाला दीडपट आणि मानसिक भागाला निम्मं, हे बरेच जण विसरतात.

मला खटकतंय ते वेगळंच. १२० माणसं आणि वर्षभरात कुणी आजारी नाही?

जॉबरचा_मुलगा
माझे वडील तीस वर्षं मागावर होते म्हणून सांगतो. मीटरवर मजुरी असणाऱ्या माणसाला "सुट्टी" म्हणजे काय ते माहीतच नाही हो. सुट्टी ऑफिसवाले घेतात, पगार चालू राहतो ती सुट्टी. मागावर खाडा पडतो. खाडा पडला की आठवड्याच्या पगारात तेवढं कमी, आणि लांबला तर तुमच्या मागांवर दुसरा उभा. तुम्ही विचारलं सुट्टी किती, तो खरंच सांगतोय की एकही नाही.

अजून एक, फॉर्म कुठे भरून घेतले? कारखान्यात मालक किंवा मेस्त्री आसपास असताना तुम्ही "तुमची कार्यक्षमता" असं विचारलं असेल तर त्याला वाटणार ही बाई कुणाला काढायचं ते ठरवायला आलीय. झेपतं का असं विचारा, काम झेपतंय का, हे सगळ्यांना कळतं.

ओएच_डॉक्टर
वरचं अगदी बरोबर. हा इंडेक्स फिनलंडमध्ये महापालिकेच्या कामगारांवर १९८१ पासून झालेल्या अभ्यासातून आलाय, आजारपणात पगार मिळणारी माणसं ती. बॅक ट्रान्सलेशनमध्ये "सुट्टी" चं इंग्रजी परत बरोबरच येणार, चूक तिथे दिसतच नाही. ती दिसते कामगाराला प्रश्न वाचून दाखवून, तुम्हाला यातून काय समजलं, उत्तर देताना काय आठवलं, असं विचारल्यावर. ते आधी करायचं असतं पण अजूनही करा. आजारांच्या यादीतही हाच घोळ असणार, डॉक्टरने सांगितलेला आजार वेगळा आणि स्वतःला वाटतो तो वेगळा मोजायचा असतो, आणि मागावर कान जड झालेला माणूस डॉक्टरकडे गेलेलाच नसतो. टेस्ट-रिटेस्ट, म्हणजे त्याच माणसांना काही दिवसांनी तेच परत विचारणं, केलीय का? नेदरलँड्सच्या बांधकाम कामगारांवर चार आठवड्यांनी परत विचारलं तेव्हा ६६ टक्के लोक त्याच गटात राहिले होते, त्यावरून अंदाज येईल.

फिजिओ_इचलकरंजी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसपाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यावर आठ जणांशी बोलले, मालक नाही मेस्त्री नाही. पन्नाशीचे एक काका, भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. सुट्टी किती? "एक बी न्हाई." मग मी विचारलं आजारपणात खाडे किती पडले, तर बोटं मोजत म्हणाले, "पावसाळ्यात ताप आलता, तवा अकरा." यांना मी ५ गुण दिले होते, खरे ३. फॉर्म हातात धरून मला रडूच आलं, १२० जणांचं हेच झालं असणार.

सहाव्या प्रश्नातही तेच. दोन वर्षांनी हे काम करू शकाल का, याला सगळे म्हणतात "करायलाच लागणार की, पोरीचं लगीन हाय." याला मी ७ गुण दिलेत, खात्री आहे म्हणून. ही खात्री नाही, नाइलाज आहे. मूळ प्रश्नात तब्येतीच्या दृष्टीने असं स्पष्ट आहे, आमच्या वाक्यात ते शेवटी कुठेतरी लटकतंय.

गाईडना सगळं सांगितलं, ते मुदतवाढ मागू म्हणाले. खाड्याचा प्रश्न बदलला. सहाव्याला शब्द सुचवा ना.

जॉबरचा_मुलगा
"पैशाचं, घरचं बाजूला ठेवा. फक्त तब्येतीकडं बघून सांगा, अजून दोन वर्षांनी हेच काम अंगाला झेपंल असं वाटतंय का?" आणि उत्तरं तीनच: झेपेल, सांगता येत नाही, झेपणार नाही.

फिजिओ_इचलकरंजी
हे छान आहे. उद्या रातपाळी सुटताना जाते आणि याच शब्दांत विचारून बघते.