कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी कुणी घातलं?

ए-३०४: नमस्कार मंडळी. माझ्या गाडीच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत पार्किंगच्या नळाचं बोअरचं पाणी ओतलंय. वॉचमन म्हणतो, काकांनी सांगितलं. उद्या आईला घेऊन तुळजापूरला निघायचंय. घाटात एसी लावला की इंजिनच्या तापमानाचा काटा चढतो, ते वेगळंच.

काका (ए-१०१): मीच सांगितलं. लेव्हल मिनिममच्या खाली होती, शेजारधर्म म्हणून. आम्ही जीपला आयुष्यभर विहिरीचं पाणी घातलं, काय झालं नाही.

सी-२०२: काका, त्या जीपचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. आताचे ॲल्युमिनियमचे, नळ्याही बारीक. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते गिझरला विचारा. परवा कॉइल काढली, पांढरा थर पेचकसाने खरवडावा लागला. तोच थर नळीत बसला की पाणी फिरत नाही, इंजिन तापतं. क्लोराइड ॲल्युमिनियमला खातं ते वेगळं.

बी-१०३: कूलंटच्या कॅनवर काय लिहिलंय ते आधी वाचा. तयार मिश्रण असेल तर पाणी घालायचंच नसतं.

सी-१०४: आरओचं चालेल ना?

सी-२०२: त्यातही थोडे क्षार उरतात. डिस्टिल्ड नाहीतर डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) घ्या, बॅटरीच्या दुकानात मिळतं. फक्त लेबल बघा, चुकून ॲसिड उचलाल.

बी-३०१: एसीचं पाणी फुकट आहे की. बादली भरते रोज 😄

सी-२०२: त्यात क्षार कमी, पण कॉइलवरची धूळ-घाण येते. नको.

बी-२०१: बादली भरते? मग आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काय पडतं ओ?

बी-३०१: वहिनी, तो विषय मीटिंगमध्ये झालाय.

बी-२०१: झालाय, पाइप तिथंच आहे.

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला. आणि पार्किंगच्या नळाला पाइप लावून गाड्या धुऊ नका. उजनीचं पाणी रोज येत नाही, टँकरचे पैसे सगळेच भरतात.

ए-३०४: मी बादलीनेच धुतो. रोख कुणाकडे आहे ते कळू दे.

बी-१०३: पुन्हा सांगते, कॅन वाचा. तयार मिश्रण की कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी मिसळून वापरायचं?

सी-२०२: कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारण निम्मं-निम्मं, कंपनीचं पुस्तक सांगेल तसं. नुसतं पाणी १०० अंशाला उकळतं, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) असलं की १०६-१०७ च्या आसपास, झाकणाच्या दाबाने त्याच्याही वर. शिवाय गंज धरू नये म्हणूनची द्रव्यं असतात, जास्त पाण्याने ती पातळ होतात. रंग बघून दुसरं कूलंट मिसळू नका. पाणी ओतल्यावर गाडी सुरू केली नसेल तर टाकीतलं सिरिंजने ओढून काढा. आणि लेव्हल कशामुळे खाली गेली, हे बघा. होज (रबरी नळी), वॉटर पंप, झाकण, कुठंतरी गळती असणार.

काका (ए-१०१): इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. एवढं तरी माझं ऐका.

बी-१०३: कॅन वाचला का?

ए-३०४: वाचला ताई. तयार मिश्रणच आहे, पाणी लागतच नव्हतं. गाडी सुरू केली नव्हती, टाकी रिकामी करून तेच कूलंट भरलं. खालच्या होजच्या क्लँपपाशी ओल दिसतेय. सकाळी गॅरेजला दाखवून मगच निघतो, आईला सांगितलंय. आणि काका, यापुढे माझ्या गाडीचं काही असेल तर मला फोन करा. वॉचमनला सांगू नका, ही नम्र विनंती.