अ‍ॅक्रिलिकची छोटी स्टडीज: ग्लेझ उचलतो, आभाळात पट्टे पडतात, राखाडी सुकल्यावर गडद होतो

खाडीकाठ, ऐरोली

ऐरोली-वाशीकडची खाडी, खारफुटी आणि ओहोटीचा चिखल हा विषय धरून अ‍ॅक्रिलिकची छोटी स्टडीज, म्हणजे सरावाची चित्रं, करायची आहेत. कागद ३०० जीएसएमचा, जलरंगाचा. ट्यूब सहाच: अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), क्रिमसन (गडद लाल), लेमन यलो, टायटॅनियम व्हाइट. ब्रश अर्धा इंची सपाट, ६ नंबरचा फिल्बर्ट (सपाट, पण टोक गोलसर) आणि २ नंबरचा गोल. भिंतीवर लावायला चित्रं नकोत, ग्लेझ (सुकलेल्या थरावर पातळ पारदर्शक थर), ड्राय ब्रश (कोरड्या ब्रशने रंग), ओल्यावर ओलं आणि खरवडणं हे चार प्रकार हातात बसायला हवेत.

अडतंय ते असं. आभाळाचा वरून खाली फिका होत जाणारा टोन (रंगाचा फिके-गडदपणा) पंख्याखाली अर्ध्यातच सुकतो आणि पट्टे दिसतात. ग्लेझ देताना खालचा थर मधूनच उचलला जातो, कागद दिसू लागतो. चिखलाचा राखाडी पॅलेटवर बरोबर जुळतो, पण सुकला की एक पायरी गडद.

आणि एक: दर वेळी नवा देखावा घ्यावा की एकच पुन्हा पुन्हा?

नौपाडा_कुंचला

शेवटच्या प्रश्नापासून. देखावा एकच ठेवा. चार चौकटींत चार देखावे केले तर बिघडलं ते पाण्यामुळे, ब्रशमुळे की घाईमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. ए४ कागदावर अर्ध्या इंची मास्किंग टेप कडेने आणि मधून अधिक चिन्हासारखी लावा. साडेतीन बाय पाच इंचांच्या चार चौकटी मिळतात. प्रत्येकीत तेच रेखाटन छापून घ्या आणि आकार चारच ठेवा: आभाळ, पलीकडचा डोंगर, खारफुटीचा पट्टा, चिखल-पाणी. डोंगर वरच्या तिसऱ्या भागात आला की बाकीचं आपोआप बसतं.

पहिली चौकट फक्त अल्ट्रामरीन, सिएना आणि पांढऱ्यात, तीनच टोनमध्ये. ही कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात आणि पुढच्या तिन्ही चौकटींत टोन शोधत बसतात. दुसरीत तेच टोन, पण खारफुटी ग्लेझने. तिसरीत ड्राय ब्रश, चौथीत ओल्यावर ओलं. एका चौकटीला अर्धा तास पुरे. त्याहून जास्त लागला तर तुम्ही स्टडी सोडून चित्र करायला लागलात.

आता ग्लेझ उचलण्याबद्दल. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे कण. पाणी उडालं की कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि पापुद्रा तयार होतो. हे वरून खाली होत जातं. म्हणजे हाताला कोरडा लागणारा थर आतून कच्चा असू शकतो. त्यावर ओला ब्रश दोनदा घासला की पापुद्रा फाटतो, आणि कागद उघडा पडतो तो तिथेच. तपासायला बोटाची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर पाणी अजून उडतंय, थांबा. हेअर ड्रायर वापरणार असाल तर कमी वेगावर, फूटभर लांबून. नंतर कागद निवू द्या, नाहीतर गरम कागदावर पुढचा थर ब्रशखालीच चिकट होतो आणि ओढला जातो.

ग्लेझ नुसत्या पाण्याने करू नका. चांगल्या सुकलेल्या थरावर पाणी पसरत नाही, थेंब धरतं आणि कडेला वर्तुळं सोडून सुकतं. रंग १ भाग, ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं द्रव) ६ ते ८ भाग, पाणी दोन-चार थेंब. सपाट ब्रशने एका दिशेला ओढा आणि सोडून द्या. राहिलेली फट भरायला मागे फिरलात की उचललंच म्हणून समजा. ती फट पुढच्या ग्लेझमध्ये झाकली जाते.

कुठला रंग पारदर्शक हे ट्यूबवर छापलेल्या चौकोनावरून समजतं: रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक. चौकोन नसेल तर कागदावर काळ्या अ‍ॅक्रिलिकची रेघ मारून सुकू द्या आणि तिच्यावरून प्रत्येक रंग आडवा ओढा. रेघ बुडाली तो ग्लेझला नको.

नेरूळ_सेक्टर

वरचं मान्य, एक जोड. कागदावर आधी जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) द्या. एक हात आडवा, तो सुकल्यावर एक उभा, जेसोत दहा-पंधरा टक्के पाणी. मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. जलरंगाचा कागद नुसता ठेवला तर पहिल्या थरातलं पाणी पिऊन टाकतो. तुमचं आभाळ अर्ध्यात सुकतं त्यात पंख्याइतकाच कागदाचाही हात आहे.

आभाळासाठी पंखा बंद करा, स्प्रेने चौकटीवर बारीक तुषार द्या, पाणी साचू देऊ नका. तीन मिश्रणं आधीच तयार ठेवा: वरचं निळं, मधलं, खालचं फिकं. आभाळ अर्धं झाल्यावर पॅलेटवर रंग कालवायला बसलात तर गेलं. तिन्ही पट्टे एका दमात लावा आणि दुसऱ्या, कोरड्या मऊ ब्रशने जोडावर आडवं फिरवा, दोन-तीन फेऱ्यांत. ब्रश अडखळायला लागला त्या क्षणी हात उचला. तरीही पट्टे राहिले तर पूर्ण सुकू द्या आणि पांढऱ्याचा अगदी पातळ थर कोरड्या ब्रशने घासून जोड मऊ करा. ओलसर असताना दुरुस्ती नको.

रिटार्डर (रंग हळू सुकावा म्हणून घालायचं द्रव) सांगणारे भेटतील. मे महिन्यात ठीक: हरभऱ्याएवढ्या रंगाला एखादा थेंब, एकूण रंगाच्या दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बिलकूल नको. हवेतच इतकी आर्द्रता असते की रंग तसाही हळू सुकतो. वर रिटार्डर पडला तर थर कित्येक दिवस चिकट राहतो आणि त्यावरचा प्रत्येक ग्लेझ खालचं घेऊन येतो. त्यापेक्षा ओली पॅलेट करा. झाकणाचा पसरट प्लास्टिकचा डबा, तळाला स्वयंपाकघरातलं स्पंजचं फडकं भिजवून, वरचं पाणी ओतून टाकून, त्यावर भिजवलेला बेकिंगचा कागद. मेणकागद चालणार नाही, त्यातून ओल वर येतच नाही. कागदाखाली पाण्याचा थर दिसत असेल तर रंग पातळ होऊन पसरेल, डबा तिरका करून निथळा. चार-पाच दिवसांनी फडकं धुवा, पावसाळ्यात त्याआधीच वास मारायला लागतं.

नौपाडा_कुंचला

रिटार्डरबद्दल पूर्ण सहमत. मात्र जेसोचे दोन हात दिल्यावर ३०० जीएसएमचा कागदही वळतो. आधी चारही बाजूंनी बोर्डावर टेप लावून मगच जेसो द्या, किंवा मागच्या बाजूलाही एक हात द्या.

तिवरांची_मुळं

राखाडीचं कोणी घेतलं नाही, म्हणून सांगते.

ओलं असताना बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारं पॉलिमर) दुधाळ असतो. तो रंगात पांढरं मिसळल्यासारखा दिसतो आणि सुकला की काचेसारखा स्वच्छ होतो, म्हणून रंग खाली उतरतो. गडद मिश्रणांत आणि मीडियम भरपूर घातलेल्या रंगांत हा फरक जास्त, पांढरं भरपूर असलेल्यांत कमी. यावर औषध एकच: पट्टी. कागदाची दोन इंच रुंद पट्टी घ्या, मिश्रणाचा ठिपका लावा, तो ड्रायरने सुकवा, मग त्याच्या निम्म्यावर तेच मिश्रण पुन्हा ओलं लावून दोन्ही शेजारी बघा. शेजारी पेन्सिलीने भाग लिहा. अशा पंधरा-वीस ठिपक्यांनंतर किती फिकं कालवायचं याचा अंदाज डोळ्यात बसतो. ही पट्टी मला स्टडीइतकीच महत्त्वाची वाटते. फेकू नका, डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवा.

मिश्रण: अल्ट्रामरीन २, बर्न्ट सिएना १ घेतलं तर निळसर गडद राखाडी मिळतो, समसमान घेतले तर तपकिरीकडे झुकतो. कंपनीनुसार रंगाचा जोर बदलतो, म्हणून हे भाग सुरुवातीपुरते धरा. पांढरं शेवटी आणि सुरीच्या टोकाने. चिखल एकरंगी नसतो हे वाशीच्या सागर विहारजवळ ओहोटीला उभं राहिलं की दिसतं. ओला, चकाकणारा भाग आभाळाचा रंग घेतो, म्हणजे निळसर आणि फिका. सुकत आलेला भाग मात्र ऑकरकडे जातो. तेव्हा दोन राखाडी कालवा, एक थंड, एक उबदार, टोन जवळजवळ सारखा. टोन सारखा ठेवून फक्त उबदारपणा बदलायचा, ही एक स्वतंत्र चौकट होऊ शकते आणि ती सगळ्यांत अवघड जाते.

खारफुटीला ट्यूबमधला हिरवा आणू नका, बरं झालं तुमच्याकडे नाही. अल्ट्रामरीन आणि ऑकरचा मळकट हिरवा तिवरांना बरोबर बसतो. सावलीत सिएना. लेमन यलो अगदी टोकाच्या पानांवर, तोही एखाद्या ठिकाणी.

खरवडण्यासाठी तिवराची श्वसनमुळं हा तयार विषय आहे. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. चिखलाचा फिका थर पूर्ण सुकवा. त्यावर खारफुटीच्या पायथ्याचा गडद राखाडी थोडा जाडसर लावा आणि लगेच, मिनिटाभरात, ब्रशच्या दांड्याच्या टोकाने खालून वर छोट्या रेघा ओढा. खालचा फिका रंग रेघांमधून दिसतो. उशीर झाला तर रेघ निघत नाही, पापुद्र्याची गुंडाळी निघते. खालचा थर कच्चा असेल तर थेट कागद उघडा पडतो. टाचणी किंवा कंपासचं टोक फार बारीक, कागद चिरतं. दातकोरणी चालते. सगळी मुळं एका उंचीची केली की कुंपण दिसायला लागतं, दूरची छोटी आणि दाट ठेवा.

थव्याचा मोह होईल, नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो असतातच. पाच इंची चौकटीत पक्षी काढायचा नाही. क्रिमसन, पांढरं आणि ऑकरचा कणभर, असा गुलाबी घ्या. ऑकर नसेल तर थंड, बाळसाबणासारखा गुलाबी येतो. २ नंबरच्या ब्रशने आडवा, तुटक पट्टा, खाली त्याचंच मळकट प्रतिबिंब. पाय काढलेत तर चित्र तिथेच मेलं.

नेरूळ_सेक्टर

ड्राय ब्रश राहिला. ब्रश धुवून फडक्यात पिळून पूर्ण कोरडा करा. केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या आत पाणी अडकलेलं असतं, ते मधूनच उतरतं आणि डाग पडतो. ब्रश रंगात बुडवून अर्धा रंग टिश्यूवर पुसा, मग कागदाशी जवळजवळ समांतर धरून ओढा. यासाठी जेसो घासून गुळगुळीत केलेला नको, कागदाचा दाणा हवा. म्हणजे चार चौकटींपैकी तिसरीवर पॉलिश पेपर फिरवू नका.

खाडीकाठ, ऐरोली

आभार. पट्टी आणि बोटाच्या मागच्या बाजूची युक्ती आजपासूनच. दोन शंका. टेप काढताना कडेचा रंग सोलून येतो, त्याचं काय? आणि पावसाळ्यात स्टडीज एकावर एक ठेवली तर चिकटतात का? कागदाऐवजी एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचे) तुकडे बरे पडतील का?

नौपाडा_कुंचला

टेप: रंगाचा पापुद्रा टेप आणि कागद दोन्हींवर अखंड असतो, म्हणून तो ओढला जातो. शेवटचा थर हाताला कोरडा झाल्या झाल्या काढा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. टाकलंच तर कडेने कटर हलका फिरवा, ड्रायरने टेप कोमट करा आणि चित्रापासून बाहेरच्या बाजूला, तिरकी, सावकाश ओढा. रंग टेपखाली झिरपत असेल तर सुरुवातीला टेपच्या कडेवरून मॅट मीडियमचा एक पातळ हात द्या, झिरपायचं ते मीडियमच झिरपेल.

चिकटणं: हो, चिकटतात. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा सुकल्यावरही आपल्या हवामानात मऊच राहतो. मध्ये बेकिंगचा कागद घाला आणि उभी ठेवा, वर वजन नको. बबल रॅप तर अजिबात नको, फुग्यांचे ठसे कायमचे उमटतात.

तिवरांची_मुळं

एमडीएफ चालेल, पण थेट जेसो देऊ नका. लाकडातले पाण्यात विरघळणारे पिवळट अंश ओल्या थरांतून वर येतात आणि जाड पारदर्शक मीडियम वापरलं असेल तिथे पिवळेपणा दिसतो. आधी ग्लॉस मीडियमचे दोन हात, प्रत्येक पूर्ण सुकवून, मग जेसो. कडा आणि मागची बाजूही बंद करा, नाहीतर पावसात कडा फुगतात. नुसत्या स्टडीसाठी एवढा खटाटोप कशाला, कागदच ठेवा. एमडीएफ जाड पॅलेट नाइफच्या कामाला राखून ठेवा, तिथे कागद वाकतो आणि थराला तडे जाऊ शकतात.