मदत हवी आहे: लॅबच्या कपाटात पांढरी भुकटी, पुसली तरी परत येते

लॅबताई: गणपतीची सुट्टी संपवून काल लॅब उघडली. केमिकलच्या कपाटात सगळ्या बाटल्यांवर पांढरी भुकटी, लेबलंसुद्धा वाचता येईनात. ओल्या फडक्याने पुसली, आज सकाळी परत तेच. सोमवारपासून बारावीची प्रॅक्टिकल्स आहेत. काय करू? लवकर सांगा.

जांभा_चिरा: लोणा आहे तो. आमच्या राजापूरच्या घरात भिंतीला दर पावसाळ्यात फुटतो. गिलावा खरवडून नवा करा, दुसरा उपाय नाही.

लॅबताई: कपाट लाकडी आहे, भिंतीपासून हातभर लांब.

खाडीकाठ: मग खारा वारा. समुद्र किती लांब? खिडकी उघडी असते का?

निवृत्त_मास्तर: ताई, कपाटात काय काय आहे ते लिहिलंच नाहीत. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि अमोनिया एकत्र आहेत का?

लॅबताई: हो, शेजारी शेजारीच. कायमच असतात.

निवृत्त_मास्तर: मग तो अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. संहत, म्हणजे तीव्र, हायड्रोक्लोरिकमधून हायड्रोजन क्लोराइड वायू सतत निसटत असतो. पाण्याची त्याला एवढी ओढ की दमट हवेत लगेच धुकं धरतो. अमोनियाशी गाठ पडली की हवेतच घन नवसागर तयार होतो आणि मिळेल तिथे बसतो.

खाडीकाठ: मीठ नाही हे कशावरून? सिल्व्हर नायट्रेट घालून बघा, पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, आला की मीठ.

निवृत्त_मास्तर: त्याने काही ठरणार नाही. क्लोराइड दोन्हींत आहे, अवक्षेप दोन्हींत येणार. कोरड्या परीक्षानळीत चिमूटभर भुकटी तापवा. मीठ तळाशीच राहील. नवसागर उडून वरच्या थंड काचेवर परत जमेल.

बारावी_सावंतवाडी: विषय निघालाय म्हणून विचारतो. मिठावर संहत सल्फ्युरिक घालून हायड्रोजन क्लोराइड मिळतो. सोडिअम ब्रोमाइडवर घातलं तर तपकिरी वाफा का?

खाडीकाठ: तयार झालेल्या हायड्रोजन ब्रोमाइडचं सल्फ्युरिक ऑक्सिडीकरण करतं, त्या वाफा ब्रोमिनच्या. फॉस्फोरिक ॲसिड वापर. आयोडाइडचं तर आणखी सहज होतं, हायड्रोजन-आयोडिन बंध सगळ्यांत कच्चा.

रसायनवेडा: हायड्रोजन फ्लोराइड मात्र काचेत ठेवायचा नाही, काच खातो. हायड्रोजन बंधांमुळे त्याचा उत्कलनांक 19.5 अंश सेल्सिअस, क्लोराइडचा मात्र उणे 85.

लॅबताई: आमच्याकडे फ्लोराइड नाहीच हो. कृपया कपाटाचं बोला. नळी आत्ताच तापवली. पांढरा धूर वर चढला, तळ रिकामा झाला, आणि तोंडापासून दोन बोटं खाली काचेवर पांढरं कडं धरलं. मग अमोनियाची बाटली नीट बघितली. तिचं बूच जुलैत फुटलं होतं, तेव्हापासून तोंडाला प्लॅस्टिक आणि रबरबँड आहे.

जांभा_चिरा: वाटीभर चुना ठेवा कपाटात, ॲसिड ओढून घेईल.

निवृत्त_मास्तर: आत्ता अजिबात नको! नवसागराला चुना आणि ओल मिळाली की अमोनियाच सुटतो. आधी सगळी भुकटी ओल्या फडक्याने पुसा, कपाट वाळवा. अमोनिया पक्क्या बुचाच्या बाटलीत, दुसऱ्या कपाटात. ओतताना खिडक्या उघड्या, हातमोजे आणि चष्मा पाहिजेतच. हायड्रोक्लोरिक सगळ्यांत खालच्या फळीवर. चुना नंतर ठेवलात तर चालेल.

लॅबताई: अमोनिया हलवला, फळ्या पुसल्या. त्याच कपाटातले चिमटे आणि स्टँडचे स्क्रू गंजलेत, तेही यामुळेच का? सोमवारी लागणार आहेत.

निवृत्त_मास्तर: मुख्यतः यामुळेच. वायू ओलीत विरघळला की लोखंडावर हायड्रोक्लोरिकचाच थर बसतो. पॉलिश पेपरने घासा, धुवा, लगेच वाळवा. स्क्रूंना थोडं मशीनचं तेल द्या, चिमट्यांना नको, ते ज्योतीवर धरायचे असतात. आणि लोखंडाचं काही त्या कपाटात परत ठेवू नका.